पाळीव कासवाला कॅल्शियम आणि डी३ : आधी दिवा, मग पाला, मग चिमूट

आमच्या घरी एक कासव आहे. जात हर्मन, नाव बटाट्या. नाव लेकीने ठेवलं. घरी आणलं तेव्हा ते खरोखरच छोट्या बटाट्याएवढं होतं, ४८ ग्रॅमचं. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. दोघंही नोकरीला, त्यामुळे कुत्रा शक्य नव्हता, म्हणून कासव. "पाला खातं आणि झोपतं," असं दुकानदार म्हणाला होता. सोबत त्याने पांढऱ्या पावडरीची एक डबी दिली : रोज चिमूटभर घाला.

मी सात महिने रोज घातली, देवाला फूल वाहावं तशी न चुकता. तरी एक दिवस अंघोळ घालताना पाठीच्या मागच्या कडेला बोट लागलं आणि ती कड दबली, ओल्या पुठ्ठ्यासारखी. अगदी नुकत्या जन्मलेल्या पिल्लाचं कवच थोडं लवचिक असतं, पण दीड वर्षाच्या कासवाचं तसं असायला नको. एक्स-रेमध्ये हाडं पुसट दिसली. डॉक्टरबाईंनी पावडरीबद्दल आधी विचारलंच नाही. त्यांनी तीन प्रश्न विचारले : दिवा कुठला, किती दिवसांचा, आणि पाठीपासून किती उंचीवर?

मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. तुम्हाला ती तिन्ही उत्तरं देता यावीत म्हणून हे लिहिते आहे. सगळं जमिनीवरच्या, पाला खाणाऱ्या कासवांबद्दल आहे : हर्मन, ग्रीक, हॉर्सफिल्ड वगैरे. पाण्यातल्या कासवांचं खाणं आणि त्यांची टाकी हा वेगळा विषय आहे.

१. भारतातून वाचत असाल तर हे आधी

पुण्यामुंबईहून मला सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते स्टार कासवाबद्दल, म्हणजे पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेल्या आपल्या देशी कासवाबद्दल. "भाग्याचं असतं, कोणीतरी भेट दिलं, त्याला कॅल्शियम काय द्यायचं?" त्याला काहीही द्यायचं नाही, ते वनखात्याकडे सोपवायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि हे कासव अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, आलं. ते घरात ठेवणं गुन्हा आहे. महाराष्ट्रात वनखात्याचा हेल्पलाइन क्रमांक १९२६. नदीत किंवा बागेत परस्पर सोडून देऊ नका, ते तिथलं नसतं. सल्काटासारखी परदेशी कासवं कोणाकडे असतील, तर २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते.

२. कागद आणि सामान

ब्रिटनमध्ये हर्मन किंवा ग्रीक कासव विकत घेताना विक्रेत्याने आर्टिकल १० चं, म्हणजे संरक्षित प्राणी विकायच्या परवानगीचं, प्रमाणपत्र द्यायलाच हवं. ते नसेल तर विक्री बेकायदा आहे. मायक्रोचिप असेल तर तिचा क्रमांक प्रमाणपत्राशी ताडून बघा. एक्झॉटिक्स, म्हणजे कुत्र्यामांजरांपलीकडचे पाळीव प्राणी, पाहणाऱ्या डॉक्टरांचा पत्ता कासव घरी येण्याआधी शोधून ठेवा. कोपऱ्यावरचा कुत्र्यामांजरांचा दवाखाना कासवाला लगेच उपयोगी पडेलच असं नाही.

सामान एवढंच :

– यूव्हीबी (उन्हात असतात ते अतिनील किरण) देणारी लांब, बारीक टी५ ट्यूब आणि तिचं रिफ्लेक्टरवालं फिटिंग
– ऊब देणारा वेगळा बल्ब आणि थर्मोस्टॅट
– तापमान मोजायची बंदूक (करोनात कपाळावर धरायचे ती नव्हे, पृष्ठभागाचं तापमान दाखवणारी)
– साधं कॅल्शियम कार्बोनेट, फॉस्फरस आणि डी३ (ड जीवनसत्त्वाचं एक रूप) नसलेलं
– डी३ आणि इतर जीवनसत्त्वं असलेली वेगळी पावडर
– समुद्रफेस (माकुलाचं हाड, त्याबद्दल पुढे)
– एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा, वही, पर्मनंट मार्कर

मार्कर का, ते पुढे येईलच.

३. आधी दिवा

कॅल्शियम पोटात गेलं म्हणजे हाडात गेलं असं नसतं. आतड्यातून ते नीट शोषलं जायला डी३ लागतं, आणि कासव ते मुख्यतः उन्हातून स्वतःच्या कातडीत तयार करतं. उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या, कातडीतल्या एका कोलेस्टेरॉलसारख्या पदार्थापासून डी३ ची आधीची अवस्था बनते. शरीराच्या उबेने तिचं डी३ होतं, मग यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचं रूप देतात. ही साखळी पहिल्याच पायरीवर तुटली तर वरून घातलेली पावडर बहुतांशी शेणावाटे बाहेर पडते. रक्तातलं कॅल्शियम घसरू नये म्हणून शरीर मग हाडं आणि कवच पोखरतं. बटाट्याचं हेच झालं होतं. सात महिने मी पावडर वाया घालवली आणि त्याने स्वतःची पाठ खाल्ली.

माझ्या चुका अशा, क्रमाने.

पहिली : मी बटाट्याचं टेबल, म्हणजे त्याला ठेवायचं वरून उघडं, कडा असलेलं टेबल, खिडकीशी ठेवलं होतं. मार्चचं छान ऊन यायचं, बटाट्या पाय पसरून त्यात पडायचा, आणि मला वाटायचं, बघा, ऊन मिळतंय. खिडकीची काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते. काचेतून ऊब येते, उजेड येतो, डी३ येत नाही. आपल्याकडे गच्चीवर पापड वाळवणाऱ्या माणसाला हे पटकन पटत नाही, मलाही पटलं नव्हतं.

दुसरी : किटमध्ये मिळालेला छोटा गोल बल्ब. खोक्यावर यूव्हीबी लिहिलेलं होतं, खोटं नव्हतं. पण अशा बल्बचा झोत वाटीएवढ्या जागेत पडतो, आणि कासव दुसऱ्याच कोपऱ्यात बसतं. लांब ट्यूब घ्या, टेबलाच्या साधारण निम्म्या ते दोन तृतीयांश लांबीची. आमचं टेबल १२० सेंमीचं, त्यावर ५५ सेंमीची २४ वॅटची ट्यूब आहे. ती उबेच्या बल्बला लागूनच बसवा, म्हणजे कासव ऊब घ्यायला आलं की यूव्हीबी आपोआप मिळतं. दिवा नेहमी डोक्यावर असू द्या, बाजूने डोळ्यांत नको.

तिसरी : अंतर. मी टेबलाच्या तळापासून मोजलं होतं. मोजायचं ते कासवाच्या पाठीपासून. किती, ते ट्यूबच्या खोक्यावरच्या तक्त्यात असतं आणि प्रत्येक ट्यूबसाठी निराळं असतं. आमच्या १२ टक्के यूव्हीबीवालीला ३५ ते ४० सेंमी ठीक बसलं. मधे बारीक जाळी असेल तर बराचसा यूव्हीबी जाळीच खाते, आणि काच किंवा प्लास्टिकचं झाकण असेल तर काही उरतच नाही. यूव्ही इंडेक्स (अतिनील किरणांचा जोर) मोजायचं यंत्र महाग असतं, पण कासव पाळणाऱ्यांच्या मंडळात कोणाकडे तरी असतंच, एका संध्याकाळपुरतं मागून आणा. ऊन खायच्या जागी मी हा इंडेक्स ३ ते ४ च्या दरम्यान ठेवते.

चौथी सगळ्यात फसवी. ट्यूब पेटलेली दिसते, म्हणून चालू आहे असं आपण धरतो. डोळ्यांना दिसणारा उजेड तसाच राहतो, पण यूव्हीबी हळूहळू विझत जातं. टी५ ट्यूब साधारण वर्षाने बदला, जुन्या जाड टी८ असतील तर सहा महिन्यांनी. म्हणून मार्कर : ट्यूब लावली त्या दिवसाची तारीख तिच्या टोकाला लिहायची. आमच्या किटमधला बल्ब दुकानात किती दिवस जळत होता कोण जाणे.

दिवे दिवसाला १० ते १२ तास. रात्री अंधार. टायमर लावा, माणसं विसरतात.

४. ऊब

दिव्याखालची जागा ३२ ते ३५ अंश, टेबलाचं दुसरं टोक विशीच्या आसपास. दोन्ही हवं, कासव स्वतः ये-जा करून आपलं तापमान ठरवतं. थंड कासवाला पाला पचत नाही आणि डी३ ही नीट बनत नाही, त्यामुळे दिवा उत्तम पण टेबल गार असेल तरी तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवरच. बंदूक कासवाच्या पाठीच्या उंचीवर ठेवलेल्या फरशीवर धरून मोजा.

५. पाला

इथे आपली स्वयंपाकघरातली अक्कल आडवी येते. पालेभाजीत कॅल्शियम असतं, पालक सगळ्यात पौष्टिक, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. कासवाच्या पाल्यात दोन गोष्टी बघायच्या. एक, कॅल्शियम फॉस्फरसच्या किमान दुप्पट हवं, त्याहून जास्त असेल तर उत्तम. दोन, ऑक्झलेट कमी हवं, कारण ते कॅल्शियमला पकडून ठेवतं आणि शोषू देत नाही.

डँडेलियन म्हणजे इथलं पिवळ्या फुलांचं तण. त्याच्या १०० ग्रॅम पानांत सुमारे १८७ मिग्रॅ कॅल्शियम आणि ६६ मिग्रॅ फॉस्फरस असतं. हे झालं जवळपास तिप्पट. काकडीत १६ आणि २४, टोमॅटोत १० आणि २४, म्हणजे उलटंच. पालकात ९९ आणि ४९, आकड्यावर दुप्पट दिसतं, पण ऑक्झलेट इतकं की तो आकडा फसवा ठरतो. आपल्या ओळखीच्या भाज्यांपैकी चुका, घोळ, माठ, राजगिरा, बीटचा पाला याच पंगतीतल्या. एखादं पान खाल्लं तर मरत नाही, पण रोजचं ताट त्यांचं नको.

मग द्यायचं काय? तण. डँडेलियन, सो थिसल, केळ्याच्या झाडाशी काही संबंध नसलेलं ते रुंद पानांचं प्लँटेन, मॅलो, थोडं क्लोव्हर. बागेत जास्वंद किंवा तुती असेल तर तिची पानं. निवडुंगाच्या फड्याही उत्तम, काटे नीट काढून. पहिल्या उन्हाळ्यात मी शेजारच्या आजोबांच्या हिरवळीतलं डँडेलियन उपटायची परवानगी मागितली. ते इतके खूश झाले की आता दर शनिवारी स्वतः पिशवी भरून आणून देतात. फक्त फवारणी केलेली नाही ना, हे विचारायचं, आणि रस्त्याकडेचा किंवा कुत्रे फिरवण्याच्या जागेचा पाला घ्यायचा नाही. बटरकप, फॉक्सग्लोव्ह, डॅफोडिल आणि रुबार्बची पानं विषारी असतात, ती ओळखायला शिका. हिवाळ्यात तण मिळत नाही तेव्हा दुकानातले स्प्रिंग ग्रीन्स, लँब्ज लेट्यूस, रॅडिकिओ. फळं, डाळी, कडधान्यं, पोळीचा तुकडा, काहीच नाही. आमच्या सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा त्यांनी प्रेमाने त्याला भिजवलेली मटकी दिली. त्याने आवडीने खाल्ली, म्हणूनच सांगते.

६. आता पावडर, आणि दोन डब्या वेगळ्या का

पहिली डबी : नुसतं कॅल्शियम कार्बोनेट. यात वजनाच्या ४० टक्के कॅल्शियम असतं, म्हणून चिमूट पुरते. मागे लेबल वाचा. 'फॉस्फेट' शब्द दिसला तर परत ठेवा, फॉस्फरस आपल्याला कमीच करायचंय. हाडांचा चुरा म्हणूनच नको.

दुसरी डबी : डी३ असलेली. डी२ नव्हे, डी३. ही जपून. जास्तीचं साधं कॅल्शियम बऱ्याच अंशी बाहेर टाकलं जातं, पण डी३ चरबीत साठतं. फार झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि ते मूत्रपिंडावर, रक्तवाहिन्यांवर जमतं. तोंडावाटे दिलेलं डी३ कासवाला किती लागू पडतं याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. म्हणून ते आधाराला ठेवायचं, दिव्याच्या जागी नाही.

चिमूट म्हणजे किती हे मला कोणीच सांगेना. शेवटी मी कागदावर दहा चिमट्या घातल्या आणि काट्यावर ठेवल्या : ३ ग्रॅम. म्हणजे माझी एक चिमूट ०.३ ग्रॅम. नवऱ्याची जवळजवळ दुप्पट निघाली, तेव्हापासून पावडर मीच घालते. तुमची चिमूट अशीच मोजा. मग लेबलवरचं गणित सोपं होतं : समजा किलोला १,५०,००० आययू (जीवनसत्त्वं मोजायचं एकक) डी३ लिहिलंय, तर ग्रॅमला १५० आणि माझ्या चिमटीत ४५.

आता या आकड्याशेजारी माणसांची औषधं ठेवा. घरोघरी असणाऱ्या ५०० मिग्रॅ कॅल्शियमच्या गोळीत २५० आययू डी३ असतं. आणि भारतातून सूटकेसमध्ये येणारं आठवड्याला एक घ्यायचं सॅशे? ६०,००० आययू. "त्यातलंच जरासं दे" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. पाव किलोच्या प्राण्याला 'जरासं' मोजता येत नाही. कॉड लिव्हर ऑइल नको, त्यात अ जीवनसत्त्वही भरमसाट असतं. आणि पानाचा चुना तर अजिबात नको. आत्याने फोनवर तेवढ्याच विश्वासाने सुचवला होता, "कॅल्शियमच ना?" चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तो तोंड आणि घसा भाजतो. अंड्याचं कवच मात्र चालतं : उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये मैद्यासारखं बारीक करून.

घालायची पद्धत : पाला धुऊन ओलाच ठेवा, पावडर वरून भुरभुरवा, हाताने कालवा. वर ढीग राहिला तर कासवाला लगेच कळतं. बटाट्या एक घास घेतो, थांबतो, मग पुढच्या पायाने चोच पुसतो, आजोबा मिशी पुसतात तशी, आणि निघून जातो. मग दिवसभर उपास.

आमचं सध्याचं वेळापत्रक, डॉक्टरांनी ठरवून दिलेलं : वाढत्या वयात साधं कॅल्शियम आठवड्यातून पाच दिवस, डी३ ची डबी एकदा. पूर्ण वाढ झाली की कॅल्शियम दोनतीन दिवसांवर येईल. मादी अंडी घालत असेल तर तिला जास्त लागतं. तुमच्या कासवाचं वजन आणि दिवे पाहून तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या, माझं उतरवून घेऊ नका.

७. समुद्रफेस

कोकणातल्या वाचकांनी हे किनाऱ्यावर पाहिलेलं असतं : माकुलाच्या पोटातलं पांढरं, हलकं, होडीच्या आकाराचं हाड. इथे ते पक्ष्यांच्या सामानात मिळतं. पुन्हा कॅल्शियम कार्बोनेटच, पण गंमत अशी की कासव स्वतःच्या मर्जीने खातं. पाठीचा कडक पापुद्रा सुरीने काढून मऊ बाजू वर ठेवायची. बटाट्या आठवडेच्या आठवडे त्याकडे बघत नाही, मग एखाद्या सकाळी कर्र कर्र असा पाटीवर पेन्सिल ओढल्यासारखा आवाज येतो. चोचही झिजून आकारात राहते. समुद्रकिनाऱ्यावरून उचललेलं असेल तर दोनतीन दिवस गोड्या पाण्यात, पाणी बदलत ठेवा, मीठ जायला.

८. उन्हाळा, हिवाळा

मे ते सप्टेंबर, कोरडा उबदार दिवस असेल तर कासव बाहेर, कुंपणात, सावलीची जागा ठेवून. बाहेर तासन् तास ऊन मिळतं त्या आठवड्यांत मी डी३ ची डबी बंद ठेवते, साधं कॅल्शियम चालू. ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हात डी३ बनवण्याइतकं यूव्हीबी नसतं. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, माणसांनाही या काळात रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायला सांगते, आणि आपल्यासारख्या दक्षिण आशियाई कातडीच्या लोकांना वर्षभर. त्यामुळे आमच्या फ्रीजवर तीन खुणांचा तक्ता आहे : मी, नवरा, बटाट्या. डब्या मात्र वेगवेगळ्या कपाटांत.

शीतनिद्रेला पाठवणार असाल तर त्याआधी काही आठवडे खाणंच बंद होतं, तेव्हा पावडरीचा प्रश्न येत नाही. पण कवच मऊ असलेलं किंवा आजारी कासव झोपवायचं नाही. आमचं त्या वर्षी जागंच राहिलं.

९. वही, आणि डॉक्टरांकडे कधी

दर रविवारी अंघोळ : हनुवटीपर्यंत कोमट पाणी, १०–१५ मिनिटं. पिल्लांना आठवड्यातून बऱ्याच वेळा. पाणी पोटात नसेल तर मूत्रपिंडावर ताण येतो, आणि कॅल्शियम देताय तेव्हा तो नकोच. लघवीबरोबर पांढरं येतं ते दह्यासारखं मऊ असावं. वाळूसारखं खरखरीत लागलं तर पाणी कमी पडतंय. अंघोळीनंतर पुसून वजन, आणि वहीत.

पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे येऊ लागले की लोक लगेच कॅल्शियम वाढवतात. सल्काटा पिल्लांवर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचं मोठं कारण कोरडी हवा निघालं होतं. तेव्हा आधी झोपायच्या खोक्यातली माती ओलसर करा.

खालचं काहीही दिसलं तर वाट पाहू नका : कवच दाबल्यावर वाकणं, मागचे पाय ओढत चालणं, पोट जमिनीला टेकवून सरपटणं, खालचा जबडा लुळा पडणं, पाय थरथरणं, दोन आठवडे वजन उतरत राहणं. जाताना ट्यूबचं खोकं, दोन्ही डब्या आणि वही बरोबर न्या. दिवा लावलेल्या टेबलाचा फोटो काढा, त्यात मोजपट्टी धरून.

बटाट्याची कड टणक व्हायला पाच महिने लागले. आज तो ३१० ग्रॅम आहे, आणि ट्यूबवर लिहिलेल्या तारखेला येत्या १४ तारखेला वर्ष होतंय. नवी ट्यूब मागवून ठेवली आहे.